उन्हाळा: पोलादाचा आणि माणसाचा

दिवाळी अंकात उन्हाळ्याची कथा सांगणे हे थोडेसे आडमुठेपणाचे वाटेल, हे मला ठाऊक आहे. अभ्यंगस्नान उरकून, चकल्या-करंज्यांचे ताट पुढ्यात ओढून वाचकाने अंक उघडावा आणि त्याच्या अंगावर वैशाखातले ऊन यावे, हे काही आतिथ्य नव्हे. परंतु मला एक थोर आधार आहे. कालिदासाने ऋतुसंहाराचा आरंभ वसंताने किंवा शरदाने केलेला नाही; तो ग्रीष्माने केला आहे. ऋतूंची मोजणी तापापासून सुरू करावी असे त्या रसिकाला वाटले, तर माझ्यासारख्या मोजमाप करणाऱ्या माणसाला का वाटू नये?

मोजमाप करणारा म्हणजे अक्षरशः. पिंपरी-चाकण पट्ट्यातील एका कारखान्याच्या मापनकक्षात माझी सारी नोकरी गेली. यंत्रावरून उतरलेला भाग काट्यावर चढवायचा, केसाच्या जाडीहूनही कमी फरक पकडायचा आणि पास की नापास ते सांगायचे, एवढेच माझे काम. त्या खोलीचे तापमान बारा महिने तेरा काळ २० अंश सेल्सिअस. बाहेर चैत्र असो की पौष, आत २० म्हणजे २०. त्यात फरक पडला की आमची धावपळ उडे. कारण पोलाद तापले की वाढते. एक मीटर लांबीची पोलादी कांब २० अंशांवरून ४० अंशांवर नेली तर जवळजवळ पाव मिलिमीटर लांब होते. शेतकऱ्याला पाव मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. इंजिन बनविणाऱ्याला तो अनर्थ आहे.

हे २० अंश कोणी ठरविले, याचाही इतिहास आहे. फ्रेंचांची मापे बर्फाच्या म्हणजे शून्य अंशावर पक्की केलेली, इंग्रजांची ६२ फॅरनहाइटवर. एकाचा गज दुसऱ्याच्या गजाशी जुळायचा कसा? स्वीडनच्या योहान्सन नावाच्या कारागिराने आपले प्रसिद्ध मापठोकळे २० अंशांवर तयार केले, ते जगभर गेले, आणि अखेर १९३१ साली आंतरराष्ट्रीय समितीने २० हाच अंक कायम केला. तेव्हापासून जगातल्या सगळ्या पोलादाला एकच ऋतू आहे. माणसाच्या बाबतीत असा ठराव अजून व्हावयाचा आहे. या लेखाचा विषय तोच.

निघोजे हे आमचे गाव खेड तालुक्यात, इंद्रायणीच्या काठी. वर देहू, खाली आळंदी आणि मधल्या वाटेवर आम्ही. उत्तरेला चाकण, त्याचा संग्रामदुर्ग १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाएस्तेखानाविरुद्ध झुंजविला हे शाळेत सर्वांनीच वाचलेले असते, आणि तिथला कांद्याचा बाजार बायकांनीही ऐकलेला असतो. एकविसाव्या शतकाच्या आरंभी या शिवारात औद्योगिक वसाहत पसरली. २००९ साली फोक्सवॅगनचा मोटारींचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ महिंद्रांचा. आणि त्यांना सुटे भाग पुरविणारी शेकडो छोटी शेडे बाजरीच्या रानात उभी राहिली. गावच्या बंधाऱ्यावरून आता आंद्रा धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडला जाते. गाव गरीब राहिले नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. पण गावाचा उन्हाळा बदलला, हेही सांगितले पाहिजे.

कोणी म्हणेल, उन्हाळा पूर्वीही होताच की! होता, आणि चांगला कडक होता. पुण्यात ३० एप्रिल १८९७ रोजी पारा ४३.३ अंशांवर गेल्याची नोंद आहे. २८ एप्रिल २०१९ रोजी तो ४३ वर गेला. एका दिवसाच्या उच्चांकावर भांडायचे तर आजोबाच जिंकतील. परंतु हवामान हा एका दिवसाचा पराक्रम नव्हे. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने चढले. आणि २०२४ हे साल तर पृथ्वीच्या पाठीवर, कारखानदारीपूर्वीच्या काळाशी ताडून पाहता, दीड अंशाहून अधिक तापलेले पहिले वर्ष ठरले. पाऊण-दीड अंश म्हणजे काय मोठेसे, असे वाटते. पण माझ्या धंद्यातला माणूस तसे म्हणणार नाही. सरासरी किंचित सरकली की टोकाचे दिवस किती तरी पटींनी वाढतात. हे आम्ही रोज भागांच्या मोजणीत पाहात आलो आहोत.

आता प्रश्न असा की, आपले पूर्वज त्या उन्हात तगले कसे? पंखे नव्हते, बर्फ नव्हता. मी जसजसा विचार करू लागलो तसतसे माझ्या ध्यानात आले की, त्यांची युक्ती वस्तूंत नव्हती. ती वेळेत होती.

वाग्भटाचे अष्टांगहृदय उघडून ग्रीष्मातली ऋतुचर्या पाहा. मधुर, हलके, स्निग्ध, थंड आणि पातळ अन्न घ्यावे. खारट, तिखट, आंबट टाळावे. व्यायाम आणि ऊन वर्ज्य करावे. एरवी दिवसा झोपणाऱ्यावर डोळे वटारणारे हे शास्त्र ग्रीष्मात मात्र दुपारच्या झोपेला संमती देते! आमच्या गावात वाग्भट कोणी वाचला नव्हता, पण पाळत सगळेच होते. कोंबडा आरवला की औत रानात जाई, ऊन चढले की बैल सुटत, आणि दुपार लिंबाखाली जाई. उरलेले काम उन्हे कलल्यावर. घराच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, हातभर रुंद. दिवसाचे ऊन आत शिरेपर्यंत रात्र होई. शाळा सकाळची भरे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीचे पन्हे आणि वाटली डाळ, अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेल्या घागरीचे दान, वाटेवर पाणपोई: धर्म म्हणा, आरोग्य म्हणा, ज्याने ही व्यवस्था बसविली त्याला घामाचे शास्त्र चांगले कळत होते.

या जुन्या दिवसांचे मला फाजील कौतुक करावयाचे नाही. लिंबाची सावली सगळ्यांनाच मिळत नसे. पाऊस रुसला म्हणजे ही सारी व्यवस्था कोसळे. १६३० च्या भीषण दुष्काळात आमच्याच इंद्रायणीकाठी, देहूला, तुकोबांच्या घरात अन्नान्न होऊन पत्नी गेली. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर डोक्याला फडके बांधून भर उन्हात खडी फोडणाऱ्या बाया ज्यांनी पाहिल्या ते अजून आहेत. ज्याच्या पोटाला घाई आहे त्याला दुपारची झोप कुठली?

आणि राज्यकर्त्यांचे काय? त्यांनी उन्हावर सगळ्यांत सोपा उपाय शोधला. ते डोंगरावर गेले. १८२८-२९ च्या सुमारास गव्हर्नर माल्कमने महाबळेश्वर वसविले. १८६४ पासून हिंदुस्थानची उन्हाळी राजधानी शिमल्याला गेली. गमतीचा भाग असा की, देशाचा उन्हाळा मोजणाऱ्या हवामान खात्याची कचेरीही पुढे शिमल्यातच होती! १९२८ साली ती पुण्यास आली, तरी पुणेकर त्या इमारतीला आजही शिमला ऑफिसच म्हणतात. जे डोंगरावर जाऊ शकत नव्हते अशा धनिकांसाठी १८३३ साली बोस्टनहून टस्कनी नावाचे जहाज बर्फ घेऊन कलकत्त्याला आले. निघताना १८० टन होते, चार महिन्यांच्या प्रवासात वितळून १०० टनांच्या आसपास उरले. पुढच्याच वर्षी मुंबईस बर्फ आला. सर जमशेटजी जीजीभाई यांनी मेजवानीला आइस्क्रीम दिले आणि यजमानासह पाहुण्यांना पडसे झाले, अशी बातमी मुंबई समाचाराने दिल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे.

ऊन माणसाच्या शरीरात काय करते, याचा शोध लावण्याची पहिली धडपडही अशीच मौजेची. १७७४ साली लंडनच्या चार्ल्स ब्लॅगडेन या डॉक्टराने मित्रांसह एका तापविलेल्या खोलीत प्रवेश केला. खोली पाण्याच्या उकळबिंदूहून अधिक तापलेली, २६० फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १२७ अंश सेल्सिअस. बरोबर अंडी, मांसाचा तुकडा आणि टोपलीत बसविलेले एक कुत्रे. अंडी उकडली, मांस शिजले. डॉक्टर आणि कुत्रे मात्र जिवंत बाहेर आले! कारण एकच: खोलीतील हवा कोरडी होती. घाम सुटे, लगेच उडून जाई आणि जाताना उष्णता घेऊन जाई. एक लिटर घाम उडाला तर तो जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. शरीराचा हा एकमेव मोठा पंखा. आणि तो पाण्यावर चालतो.

मग हवाच दमट असली तर? याचे उत्तर १९०५ साली हाल्डेन या शास्त्रज्ञाने कॉर्नवॉलच्या खाणींचा अभ्यास करून दिले. तापमापकाच्या फुग्याभोवती ओले फडके गुंडाळावे आणि मग पारा वाचावा. तो खरा उन्हाळा. हा ओला पारा ३१ अंशांच्या वर गेला की, वारा नसलेल्या जागी स्वस्थ बसलेल्या माणसाचाही ताप चढू लागतो. अलीकडे कागदावरच्या गणिताने ही सीमा ३५ अंश ठरविली होती. परंतु २०२२ साली अमेरिकेत तरुण, निरोगी माणसांवर प्रयोग झाले तेव्हा ती पुन्हा ३०-३१ च्याच आसपास निघाली. खाणीत उतरून मोजणारा माणूस शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बरोबर होता.

म्हणूनच नुसता पारा फसवा असतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला उघड्या मैदानावर लाखोंचा समारंभ झाला. त्या दिवशी पारा ३८ च्या आसपास. विदर्भातला माणूस त्याला उन्हाळा म्हणणार नाही. तरी उष्माघाताने १४ जीव गेले. चंद्रपूरचे ४५ अंश आणि कोकणपट्टीचे ३८ अंश यांची तुलना करताना मधला घाम विसरून चालत नाही. हवामान खातेसुद्धा उष्णतेच्या लाटेसाठी मैदानात ४०, किनाऱ्यावर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अशा निरनिराळ्या रेषा मानते.

इथे कारखान्याचा इतिहास सुरू होतो, आणि मला थोडे कडू बोलावे लागते. यंत्र आले तेव्हा शेतकऱ्याच्या हातची वेळ गेली. भोंगा वाजला की आत, भोंगा वाजला की बाहेर. मध्ये चैत्र आहे की श्रावण याची भोंग्याला कल्पना नाही. शिवाय कापडगिरणीत सूत तुटू नये म्हणून हवेत मुद्दाम ओल सोडीत. सुताला ओल मानवते, विणकराला नाही. लँकेशरच्या विणकरांनी ओरड केल्यावर १८८९ साली इंग्लंडात, किती उष्णतेला किती ओल चालेल याचा तक्ता कायद्याने घालून दिला. वातानुकूलनाचा जन्मही असाच. १९०२ साली विलिस कॅरियरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी पहिली यंत्रणा आखली, ती कामगारांना गारवा मिळावा म्हणून नव्हे. दमट हवेने कागद फुगे आणि रंगांची छपाई सरके म्हणून. सुताची, कागदाची, पोलादाची तक्रार जगाने लगेच ऐकली. त्यांचे नुकसान पैशात मोजता येत होते.

माणसाची तक्रार मांडणारा माणूस मात्र आमच्याच तालुक्यातला निघाला, याचा मला अभिमान वाटतो. नारायण मेघाजी लोखंडे यांचे मूळ गाव खेड तालुक्यातले कन्हेरसर. जन्म १८४८, ठाण्याचा. ज्योतीरावांच्या सत्यशोधक चळवळीतले हे कार्यकर्ते. दीनबंधु पत्र त्यांनी चालविले. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा केवळ लहान मुलांपुरता होता. सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. मागण्या काय? आठवड्यातून एक दिवस सुटी, वेळेवर पगार, कामावर जखमी झालेल्यास भरपाई, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, आणि दुपारी अर्धा तास विश्रांती. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने दुपारच्या त्या अर्ध्या तासालाही मान्यता दिली. रविवारी आपण हक्काने लोळतो तेव्हा लोखंड्यांची आठवण काढणारे थोडे भेटतात. पण मला तो दुपारचा अर्धा तास अधिक मोलाचा वाटतो. कुणब्याची लिंबाखालची दुपार कुणब्याच्याच लेकाने गिरणीच्या भोंग्याकडून अर्धा तास का होईना, परत मिळविली होती.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने कारखान्यात वाजवी सुखकर तापमान असावे असे म्हटले, आणि २५० हून अधिक कामगार असतील तिथे उन्हाळ्यात गार पाण्याची सोय सक्तीची केली. तो कायदा आता नव्या श्रमसंहितेत सामावला आहे. शब्द चांगले होते. परंतु सुखकर म्हणजे किती अंश, हे पोलादाच्या बाबतीत जितके स्वच्छ लिहिले गेले तितके माणसाच्या बाबतीत गेले नाही.

आळशीपणाचा आरोप मात्र तत्परतेने झाला. उष्ण देशातले लोक जात्याच मंद असतात हे मत माँतेस्क्यूने अठराव्या शतकात मांडले; १९१५ साली अमेरिकेच्या हंटिंग्टनने संस्कृती आणि हवामान यांवर आख्खा ग्रंथ लिहून त्याला शास्त्राचा पोशाख चढविला. शरीर तापले की स्नायू मंदावतात, हे खरेच आहे. तो शरीराने स्वतःचा जीव वाचविण्यासाठी केलेला शहाणपणा आहे. पण त्या शहाणपणाला दुर्गुण ठरवून वर त्याची मजुरी कापणे, हे शास्त्र नव्हे. आता हिशेब दुसऱ्या बाजूने मांडला जातो आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०१९ साली अंदाज केला की, २०३० पर्यंत उष्णतेमुळे जगातले २.२ टक्के कामाचे तास वाया जातील. भारतात हे प्रमाण ५.८ टक्के, म्हणजे ३ कोटी ४० लाख माणसांच्या पूर्णवेळ नोकरीएवढे. मध्य अमेरिकेतील ऊसतोड कामगारांची मूत्रपिंडे तरुणपणीच निकामी होत असल्याचे २००२ पासून वैद्यकाच्या नजरेस आले. उन्हात राबणे आणि पुरेसे पाणी न मिळणे यांचा त्याच्याशी संबंध जोडला गेला, आणि पाणी, सावली, विसावा या तीन गोष्टींचा तिथे उपाय म्हणून प्रयोग सुरू झाला. आमच्या आजीला हा उपाय नवीन वाटला नसता.

श्रीमंत देश तरी सुटले म्हणावे, तर तसेही नाही. १९९५ च्या जुलैत शिकागो शहरात आठवडाभरात ७०० हून अधिक माणसे दगावली. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात ७० हजारांवर. मृतांत म्हातारी, एकटी, वरच्या मजल्यावर खिडकी लावून बसलेली माणसे फार. पॅरिसच्या छताखाली आणि आमच्या पत्र्याखाली मरणाची रीत एकच.

हे आकडे कळतात कसे, तेही सांगतो; कारण उन्हाने मेलेल्याच्या दाखल्यावर ऊन लिहिलेले बहुधा नसतेच. हृदय बंद पडले, एवढेच लिहितात. मे २०१० मध्ये अहमदाबादला पारा ४६.८ वर गेला. नंतर संशोधकांनी त्या महिन्यातले एकूण मृत्यू आधीनंतरच्या वर्षांतील मे महिन्यांशी ताडून पाहिले. १,३४४ जीव जास्त गेल्याचे निघाले. आकडा पुढे आला म्हणून २०१३ साली त्या शहराने उष्णतेशी तोंड देण्याची योजना आखली: आधी इशारा, दवाखान्यांना सूचना, पाण्याची ठिकाणे, आणि पुढे गरिबांच्या छपरांना पांढरा चुना. नागपूरसह अनेक शहरांनी तिचे अनुकरण केले. चुना आणि पाणी यांना मोठे भांडवल लागत नाही. आधी मोजणी लागते.

आमच्या निघोज्यात आता मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारातून आलेले हजारो तरुण राहतात. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, चारपाच जण. दिवसपाळी असो वा रात्रपाळी, झोप त्याच पत्र्याखाली. पूर्वीच्या मातीच्या भिंती उशिरा तापत आणि पहाटे गार होत; आता सिमेंट, डांबर आणि पत्रा मिळून रात्रही तापवितात. शरीराचे म्हणणे असे की, दिवसा भाजा, पण रात्री निवू द्या. ६८ देशांतील ४७ हजार माणसांच्या झोपेची मनगटी यंत्रांनी घेतलेली नोंद २०२२ साली प्रसिद्ध झाली. रात्र तापली की झोप घटते, आणि गरीब देशांत व म्हाताऱ्यांत अधिक घटते, असे तिने दाखविले. अपुऱ्या झोपेचा माणूस सकाळी दाबयंत्रापुढे उभा राहतो तेव्हा त्याची बोटे धोक्यात असतात. हा सुखदुःखाचा हिशेब कोणत्याच कारखान्याच्या वहीत येत नाही, कारण खोली कारखान्याच्या कुंपणाबाहेर असते.

मापनकक्षातून पाळी सुटल्यावर दार उघडले की बाहेरचे ऊन अंगावर येई, आणि पहिल्या दोन मिनिटांत मला रोज एकच विचार सुचे. आत ठेवलेल्या ठोकळ्याला जग किती जपते! त्याचा हेवा वाटावा असे काही नाही, जपलेच पाहिजे. पण ज्या जगाने पोलादासाठी एक अंक ठरविला आणि पृथ्वीभर पाळला, त्याला माणसासाठी अंक ठरविणे अशक्य आहे असे मला वाटत नाही. इतक्या ओल्या पाऱ्यावर काम थांबेल, इतक्या वेळाने पाणी, इतकी सावली, दुपारच्या पाळीत इतका विसावा, आणि भाड्याच्या खोलीला पांढरे छप्पर: एवढे पाच ओळींत लिहिता येईल. १८८४ चा अर्जही फार लांब नव्हता.

तोवर वाचकहो, आपल्या हाती असलेले तेवढे करू. येत्या चैत्रात पन्हे घुसळाल तेव्हा दारावरचा पहारेकरी, वस्तू घेऊन आलेला मुलगा, शेजारच्या बांधकामावरची बाई यांचाही पेला त्यात धरा. आणि त्यांना क्षणभर सावलीत बसा म्हणा. लोखंड्यांनी मागितला होता तो वेळच. पाणी तर आपण देतच आलो आहोत.